ई-कॅडहेरिन ‘पॉझिटिव्ह’, तरीही लोब्युलर: एका स्तन-बायोप्सीचे प्रकरण

(रुग्णाची ओळख पटेल असे सर्व तपशील गाळले किंवा बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

पन्नाशी ओलांडलेल्या, पाळी थांबून काही वर्षे झालेल्या एका बाईंना डाव्या स्तनात ‘जाडपणा’ जाणवत होता. गाठ आहे असे त्या म्हणत नव्हत्या, आणि सर्जनच्या हातालाही गाठीच्या कडा लागत नव्हत्या. मॅमोग्राफीत ठसठशीत गाठ दिसली नाही. एका ठिकाणी ऊतींची मांडणी ओढल्यासारखी झाली होती, इतकेच. सोनोग्राफीत त्याच जागी सुमारे दोन सेंटिमीटरचा गडद भाग दिसला आणि त्यातून सुईने बायोप्सी घेतली गेली. बाईंची मावशी जठराच्या कर्करोगाने गेली होती. ही नोंद केसपेपरवर होती, पण त्या टप्प्यावर तिच्याकडे कोणी वळून पाहावे असे काही कारण नव्हते.

बायोप्सीचा पहिला रिपोर्ट बाहेरच्या प्रयोगशाळेतून आला: आक्रमक डक्टल कर्करोग, ग्रेड २, ईआर आणि पीआर पॉझिटिव्ह, हर-२ निगेटिव्ह, ई-कॅडहेरिन पॉझिटिव्ह. (डक्टल हा स्तनकर्करोगाचा सर्वात नेहमीचा प्रकार. ईआर आणि पीआर हे पेशीतले स्त्री-हार्मोनचे ग्राहक, हर-२ हे गाठीची वाढ वेगवान करू शकणारे प्रथिन, आणि ई-कॅडहेरिन हे पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे प्रथिन. स्लाइडवर रंग आला की प्रथिन ‘पॉझिटिव्ह’ म्हणतात.) यावरून सर्जनने दोन सेंटिमीटरची गाठ काढून स्तन वाचवायचे ठरवले आणि शस्त्रक्रियेची तारीखही दिली. त्याआधी नेहमीच्या पद्धतीप्रमाणे प्रकरण ट्यूमर बोर्डासमोर, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या एकत्र बैठकीसमोर आले. बाहेरून आलेल्या स्लाइड पुन्हा वाचण्याचे काम पॅथॉलॉजिस्ट म्हणून माझ्याकडे होते.

अडचण

स्लाइडवर कर्करोगाच्या पेशी बहुतेक जागी एकेकट्या किंवा एकामागे एक अशा रांगेत होत्या. केंद्रके लहान, एकसारखी. विभाजन होत असलेल्या पेशी शोधाव्या लागत होत्या. हे रूप लोब्युलर कर्करोगाचे आहे, म्हणजे स्तनकर्करोगाच्या त्या दुसऱ्या प्रकाराचे, ज्यात पेशी एकमेकींना न धरता विखरून पसरतात. पण एका तुकड्यात मोजक्या बारीक नळ्याही होत्या, आणि ई-कॅडहेरिनचा तपकिरी रंग काही पेशींच्या कडेने खरोखरच दिसत होता. पहिल्या वाचकाने डक्टल लिहिले ते या दोन गोष्टींमुळे. मी ते चूक म्हणून बाजूला सारणार नाही. अशा बायोप्सीवर दोन अनुभवी माणसे दोन नावे देतात हे सर्रास घडते.

रंग नीट पाहिला तेव्हा मात्र शंका वाढली. शेजारच्या निरोगी नलिकेत तो सलग, गडद, पेशीच्या चारी बाजूंनी होता. कर्करोगाच्या पेशींत तो तुटक, ठिपक्याठिपक्यांचा आणि फिका होता. रिपोर्टात या दोन्हींना एकच शब्द मिळाला होता: पॉझिटिव्ह.

हे प्रथिन काय करते

ई-कॅडहेरिन पेशीच्या पटलात आरपार बसलेले असते. त्याचा बाहेरचा भाग कॅल्शियमच्या मदतीने शेजारच्या पेशीच्या तशाच प्रथिनाला धरतो. आतले टोक पी१२०-कॅटेनिन आणि बीटा-कॅटेनिन या दोन प्रथिनांना धरते, आणि बीटा-कॅटेनिन पुढे अल्फा-कॅटेनिनमार्फत पेशीच्या अ‍ॅक्टिनच्या सांगाड्याशी जोडले जाते. बाहेरची पकड आतल्या आधाराशिवाय कामाची नाही. कडी जागेवर दिसली म्हणजे दार बंद आहे असे होत नाही, कोयंडा निखळलेला असू शकतो. रंगाची चाचणी आपल्याला कडी दाखवते.

ई-कॅडहेरिनचे जनुक सीडीएच१, सोळाव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर आहे. लोब्युलर स्तनकर्करोगात ते बिघडलेले असते हे १९९५ मध्ये दाखवले गेले. पुढच्या मोठ्या जनुकीय अभ्यासांत साठ टक्क्यांहून अधिक लोब्युलर गाठींत त्यात उत्परिवर्तन सापडले. बिघाड झाला की बहुतेक वेळा प्रथिन पूर्ण नाहीसे होते आणि रंगच येत नाही. पण सुमारे १० ते १५ टक्के लोब्युलर गाठींत काही ना काही रंग उरतो. प्रथिन तयार होते, पण ते काम करत नाही. चाचणीतला प्रतिपिंड (प्रथिनाला चिकटून रंग आणणारा रेणू) प्रथिनाच्या कोणत्या टोकाला चिकटतो, यावरही काय दिसेल ते अवलंबून असते.

आता विभेदनाचा मुद्दा, कारण या प्रकरणाचा गाभा तोच आहे. कर्करोगाची पेशी आपल्या मूळ ऊतीसारखी किती उरली आहे, याला विभेदन म्हणतात आणि ग्रेड हे त्याचे मोजमाप. स्तनाच्या गाठीत नॉटिंगहॅम पद्धतीने तीन गोष्टींना प्रत्येकी १ ते ३ गुण देतात: नळ्या किती बनतात, केंद्रके किती विद्रूप आहेत आणि विभाजन किती वेगाने चालले आहे. बेरीज ३ ते ५ असेल तर ग्रेड १, ६ किंवा ७ असेल तर ग्रेड २, ८ किंवा ९ असेल तर ग्रेड ३. गाठीच्या ७५ टक्क्यांहून अधिक भागात नळ्या असतील तर पहिल्या रकान्यात १ गुण, १० टक्क्यांहून कमी भागात असतील तर ३.

नळी बनायला पेशींनी एकमेकींना घट्ट धरावे लागते आणि आपली वरची बाजू कोणती, खालची कोणती हे ठरवावे लागते. पकड सुटली की नळी बनत नाही. म्हणून लोब्युलर गाठीला या रकान्यात जवळजवळ नेहमी ३ गुण मिळतात, मग तिच्या पेशी बाकी सगळ्या अंगांनी कितीही शांत असोत. आमच्या रुग्णाच्या गाठीत केंद्रकांना २ आणि विभाजनाला १ गुण होता. ३+२+१, म्हणजे ६, म्हणजे ग्रेड २. यातले निम्मे गुण फक्त सुटलेल्या पकडीचे आहेत. ईआर आणि पीआर भरपूर, विभाजन मंद. स्तनाच्या पेशीची ओळख या पेशींनी सोडलेलीच नव्हती. सोडला होता तो शेजार.

जुन्या प्रयोगांमुळे आपल्या मनात एक सोपे समीकरण बसले आहे. १९९१ मध्ये कर्करोगाच्या अनेक पेशीवंशांची (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींची) तुलना झाली. ई-कॅडहेरिन असलेले वंश विभेदित आणि न घुसणारे दिसले, ते गमावलेले वंश घुसखोर निघाले, आणि प्रथिन परत दिल्यावर घुसखोरी कमी झाली. त्यावरून ‘ई-कॅडहेरिन गेले की विभेदन गेले आणि गाठ पसरली’ असे सूत्र रूढ झाले. प्रत्यक्ष स्लाइडवर ते जागोजागी अडखळते. ग्रेड ३ च्या, अगदी विद्रूप डक्टल गाठींत ई-कॅडहेरिन सहसा शाबूत असते, आणि त्या लसिकाग्रंथींत पसरल्यावरही तिथे दिसते. २०१९ मध्ये उंदरांतील आणि मानवी ऊतींवरील प्रयोगांत तर असे दिसले की डक्टल प्रकारच्या गाठींतून ई-कॅडहेरिन काढून टाकल्यास पेशी अधिक घुसतात, पण वाटेत मरतात आणि दूरच्या अवयवांत वसाहती कमी होतात. लोब्युलर पेशी पकडीशिवाय जगायला शिकलेल्या असतात. त्यात पेशीरसात मोकळ्या फिरणाऱ्या पी१२० चाही हात असतो, असे प्रयोग सांगतात. एकच प्रथिन हरवते, पण कोणत्या पेशीतून हरवले त्यावर पुढची कथा ठरते.

पर्याय

बोर्डासमोर चार वाटा होत्या.

पहिली वाट म्हणजे रिपोर्ट आहे तसा मानून ठरलेल्या तारखेला गाठ काढणे. सर्जनचा कल इकडे होता आणि त्यांचे म्हणणे बिनबुडाचे नव्हते. ईआर पॉझिटिव्ह, हर-२ निगेटिव्ह गाठीला डक्टल म्हटले काय आणि लोब्युलर म्हटले काय, हार्मोनचे उपचार तेच. नावासाठी आठवडा का घालवायचा?

दुसरी वाट आधी केमो देऊन गाठ आकसवण्याची. बाईंना स्तन वाचवायचे होते, म्हणून ती चर्चेत आली. गाठ डक्टल असेल तर यावर विचार करता आला असता. लोब्युलर गाठ आधी दिलेल्या केमोने पूर्ण विरघळण्याचे प्रमाण फार कमी असते, म्हणजे नाव बदलले की हा पर्याय कमकुवत होतो. उपचार तेच राहतात या युक्तिवादाला पहिला तडा इथे गेला.

तिसरी वाट हार्मोनचे औषध काही महिने देऊन मग शस्त्रक्रिया करण्याची, आणि चौथी आधी निदान पक्के करून मग गाठीचा खरा पसारा एमआरआयने मोजण्याची.

मी चौथ्या वाटेच्या बाजूने बोललो. माझे कारण फक्त स्लाइड नव्हते. हाताला लागणारा जाडपणा सोनोग्राफीतल्या दोन सेंटिमीटरपेक्षा मोठा होता. मॅमोग्राफीत काही स्पष्ट नसणे आणि हाताला मोठे लागणे, हा विरोधाभास लोब्युलर गाठीत नेहमी भेटतो. विखुरलेल्या पेशी आसपासच्या ऊतीला फारसे धक्के न देता तिच्यातून सरकतात, त्यामुळे क्ष-किरणांना दिसेल असा गोळा तयार होत नाही. रेडिऑलॉजिस्टनेही हा विरोधाभास मान्य केला, तेव्हा बोर्डाचा निर्णय फिरला. शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलली गेली.

काय केले

त्याच ब्लॉकवर (मेणात जपलेल्या बायोप्सीच्या ठोकळ्यावर) पी१२० आणि बीटा-कॅटेनिनचे रंग लावले. ई-कॅडहेरिन धडधाकट असेल तर पी१२० पटलाशी बांधलेले राहते आणि पेशीची कड रंगते. बांधायला कोणी नसेल तर ते पेशीरसात पसरते आणि पेशी आतून भरल्यासारखी रंगते. बायोप्सीच्या बहुतांश भागात पी१२० पेशीरसात होते. बीटा-कॅटेनिन पटलावरून नाहीसे झाले होते. ते केंद्रकात शिरलेले नव्हते, आणि तशी अपेक्षाही नव्हती. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात बीटा-कॅटेनिन केंद्रकात जमून गडबड करते. इथे सुट्या झालेल्या बीटा-कॅटेनिनला पेशीच मोडीत काढते. या दोन आजारांची गल्लत विद्यार्थी हमखास करतात.

बारीक नळ्यांच्या भागात मात्र पी१२० आणि बीटा-कॅटेनिन दोन्ही कडेवर होते. इथे चर्चा पुन्हा अडली. एकाच गाठीत डक्टल आणि लोब्युलर असे दोन घटक आहेत का? की या लोब्युलरच्याच नळ्या आहेत? २०२० मध्ये लोब्युलर गाठींचा एक उपप्रकार वर्णिला गेला आहे. त्यात ई-कॅडहेरिन गमावलेल्या पेशी पी-कॅडहेरिन हे भावंड-प्रथिन वापरू लागतात आणि जिथे ते येते तिथे छोट्या नळ्या पुन्हा बनतात. एका पकडीची जागा दुसरी घेते आणि हरवलेली रचना काही अंशी परत येते. पकड आणि विभेदन यांचे नाते याहून स्पष्ट दाखवणारे उदाहरण माणसाच्या गाठीत क्वचितच मिळेल.

पी-कॅडहेरिनचा रंग बायोप्सीवर लगेच लावायचा का, हा छोटा पण खरा निर्णय होता. ब्लॉकमध्ये ऊती थोडीच उरली होती आणि पुढे जनुकीय चाचणीसाठी तिची गरज पडली असती. उत्तर काहीही आले तरी एमआरआय करायचेच होते. रंग शस्त्रक्रियेच्या नमुन्यासाठी राखून ठेवला आणि रिपोर्टात लिहिले: ‘लोब्युलर कर्करोग, ई-कॅडहेरिन विकृत स्वरूपात व्यक्त, पी१२० पेशीरसात, काही भागात नळ्या, त्यांचा अर्थ पूर्ण नमुन्यावर ठरवला जाईल.’

एमआरआयमध्ये पसारा पाच सेंटिमीटरच्या वर निघाला. दोन सेंटिमीटरची गाठ काढली असती तर कडा स्वच्छ मिळण्याची शक्यता नगण्य होती आणि दुसरी, कदाचित तिसरी शस्त्रक्रिया अटळ होती.

बाईंशी बोलणे

नवा रिपोर्ट ऐकल्यावर बाईंचा पहिला प्रश्न होता, “डॉक्टर, नाव बदललं म्हणजे आजार वाढला का?” ऑन्कॉलॉजिस्टने सांगितले की आजार आहे तोच आहे, आपल्याला तो आता नीट दिसला. ‘ग्रेड २’ या शब्दाचीही त्यांना धास्ती होती. तो आकडा कशाने बनला ते कागदावर तीन रकाने काढून दाखवले, तेव्हा त्यांनी स्वतःच बेरीज केली. माझ्या मते ही पाच मिनिटे पुढच्या सगळ्या निर्णयांना उपयोगी पडली.

हार्मोनचे औषध आधी घेऊन स्तन वाचवण्याचा प्रयत्न करता येईल, पण यश अनिश्चित आहे, असे त्यांना सांगितले गेले. विचाराला वेळ घेऊन त्यांनी स्तन काढण्याची शस्त्रक्रिया निवडली.

आता मावशीचा आजार महत्त्वाचा ठरला. सीडीएच१ चा आनुवंशिक दोष असलेल्या कुटुंबांत दोन आजार आढळतात: जठराचा विखुरलेल्या पेशींचा कर्करोग आणि स्तनाचा लोब्युलर कर्करोग. अशा कुटुंबांचा माग पहिल्यांदा १९९८ मध्ये न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबात लागला. २०२० च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार कुटुंबात एकाला तसा जठराचा कर्करोग आणि दुसऱ्या कोणाला सत्तरीच्या आत लोब्युलर स्तनकर्करोग असेल तर जनुकीय चाचणी सुचवतात. मावशीचा कर्करोग त्याच प्रकारचा होता का, हे सांगणारा कागद कुटुंबाकडे नव्हता. पहिल्या रिपोर्टातला ‘डक्टल’ शब्द कायम राहिला असता तर हा प्रश्न कोणी विचारलाही नसता.

चाचणी करायची का यावर समुपदेशकाशी सविस्तर बोलणे झाले. दोष सापडला असता तर बाईंच्या मुलांपुढे आणि भावंडांपुढे निरोगी जठर पूर्ण काढण्याचा प्रश्न उभा राहिला असता. धोक्याचे आकडेही स्थिर नाहीत. २०१५ च्या अभ्यासात दोष वाहणाऱ्यांमध्ये ऐंशी वर्षांपर्यंत जठराच्या कर्करोगाचा धोका पुरुषांत ७० आणि स्त्रियांत ५६ टक्के मांडला होता. २०१९ मधील एका अभ्यासात तो ४२ आणि ३३ टक्क्यांवर आला, कारण त्यात फक्त कर्करोगाने ग्रासलेलीच कुटुंबे निवडलेली नव्हती. हे सगळे ऐकून बाईंनी चाचणीला होकार दिला. रक्तात दोष सापडला नाही. सीडीएच१ चा बिघाड असलाच तर तो फक्त गाठीतला होता.

निष्पत्ती

नमुन्यात गाठ साडेपाच सेंटिमीटरची भरली, कडा स्वच्छ होत्या. नळ्यांच्या भागात ई-कॅडहेरिन तसेच तुटक होते आणि पी-कॅडहेरिन ठळक पटलावर. त्यामुळे ‘मिश्र’ हे नाव गळाले आणि नळ्यांचे घटक असलेला लोब्युलर कर्करोग असे अंतिम निदान झाले. नळ्यांचे क्षेत्र १० टक्क्यांहून कमी होते, त्यामुळे ग्रेड २ कायम राहिला.

सेंटिनेल लसिकाग्रंथीने (पसरणारा कर्करोग सहसा जिथे आधी पोहोचतो ती काखेतली ग्रंथी) पुन्हा तोच पेच टाकला. साध्या स्लाइडवर ती निरोगी वाटत होती. केराटिन या, अशा कर्करोगपेशींत असणाऱ्या प्रथिनाच्या रंगात कर्करोगाच्या सुट्या पेशी सर्वत्र पेरलेल्या दिसल्या. नियमानुसार ०.२ मिलिमीटरहून मोठा पुंजका असेल तर त्याला सूक्ष्म प्रसार म्हणायचे. पण ज्या पेशी एकमेकींना धरतच नाहीत त्यांचा पुंजका मोजायचा कसा? म्हणून एका छेदात २०० हून अधिक पेशी असतील तरीही सूक्ष्म प्रसार धरतात. इथे पेशी त्याहून बऱ्याच जास्त होत्या.

आजार परतण्याचा धोका मोजणाऱ्या, गाठीच्या जनुकीय चाचणीचा गुण कमी आला, म्हणून केमो वगळली. गाठीचा आकार आणि ग्रंथीतल्या पेशी पाहून रेडिएशन दिले, आणि अरोमाटेज (शरीरात इस्ट्रोजेन बनवणारे विकर) रोखणारे औषध सुरू झाले.

वेगळे काय करता आले असते

पी१२० ची स्लाइड पहिल्याच दिवशी लावता आली असती. प्रत्येक गाठीला ती लावावी असे मी म्हणणार नाही. रांगेतल्या पेशी आणि ई-कॅडहेरिनचा अर्धवट रंग एकत्र दिसले, की लावावी. त्याहून स्वस्त सुधारणा म्हणजे ‘पॉझिटिव्ह’ या एका शब्दावर न थांबणे. रंग पटलावर सलग आहे की तुटक, आणि शेजारच्या निरोगी नलिकेच्या तुलनेत कसा आहे, हे लिहायला एक ओळ पुरते. ती ओळ असती तर सर्जनने तारीख देण्यापूर्वी फोन केला असता, असे त्यांनीच नंतर बोर्डात सांगितले.

एमआरआयबाबत आमचे एकमत झाले नाही. रेडिऑलॉजिस्टच्या मते हाताला लागणारा आकार आणि प्रतिमा जुळत नव्हत्या, तेव्हाच ते व्हायला हवे होते. ऑन्कॉलॉजिस्टचा आक्षेप असा की लोब्युलर निदानाशिवाय सरसकट एमआरआय केल्यास नको असलेल्या बायोप्सी आणि नको असलेल्या शस्त्रक्रिया वाढतात. मला रेडिऑलॉजिस्टची बाजू पटते, पण फक्त अशा विसंगतीच्या रुग्णांपुरती.

पी-कॅडहेरिन लांबणीवर टाकणे बरोबर होते असे मला अजूनही वाटते. नळ्यांचे कोडे सोडवण्याचा मोह पॅथॉलॉजिस्टला होतो, रुग्णाला त्याची घाई नसते.

पुढचा पाठपुरावा

लोब्युलर कर्करोग दहा वर्षांनंतरही परत येऊ शकतो, आणि डक्टलच्या मानाने तो पोटाच्या आतले आवरण, अंडाशय, जठर अशा जागा अधिक निवडतो. जठरात तो उतरला तर तिथे जन्मलेल्या विखुरलेल्या कर्करोगाशी त्याचे रूप इतके मिळते की ई-कॅडहेरिनचा रंग उपयोगी पडत नाही. दोन्हींत तो सहसा गेलेला किंवा बिघडलेला असतो. तेव्हा ईआर आणि गाटा-३ (स्तनाच्या पेशींची खूण असलेले प्रथिन) यांचे रंग लावून, जुन्या स्लाइड शेजारी ठेवून पाहावे लागते. बाईंच्या फाइलवर, मावशीच्या इतिहासाखाली, तशी सूचना लिहून ब्लॉक जपून ठेवले आहेत.